मृतमांस, मांसतपासणी आणि जात : शिक्का जनावरावर की माणसावर?



‘तुमच्या बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितलं होतं, मग गोवंश हत्याबंदीला तुमचा विरोध कशाला?’ हा प्रश्न आपल्या मुलामुलींना कॉलेजात, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, आपली कोंडी झालेली हवी असते. दुसरीकडे आपल्यातलेच काही शिकलेले मित्र उलट टोकाला जातात. मृतमांस सोडणे म्हणजे सवर्णांचे अनुकरण होते, एम. एन. श्रीनिवास ज्याला संस्कृतीकरण म्हणतात त्याचाच तो नमुना होता आणि त्यात आपण आपली खाद्यसंस्कृती घालवून बसलो, असे त्यांचे म्हणणे असते.

या दोन्ही मतांत एकच चूक आहे. दोघेही ‘मांस’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. बाबासाहेब बोलत होते ते मृतमांसाबद्दल, म्हणजे आजाराने, म्हातारपणाने किंवा उपासमारीने आपोआप मेलेल्या ढोराच्या मांसाबद्दल. गावाकडे त्याला ‘पड’ म्हणत. तपासून कापलेल्या जनावराचे मांस आणि पडीचे मांस यांत जो फरक आहे, त्या फरकावरच मांसतपासणीचे सगळे शास्त्र उभे आहे. या शास्त्राचा इतिहास आपण वाचला पाहिजे. त्यातून कळते की जातीने आपल्या ताटात नेमके काय वाढले होते, आणि 1927 साली महाडला आपल्या माणसांनी नेमके काय नाकारले.

कत्तलखान्यात काय पाहतात?

आधी ही तपासणी कशी चालते ते पाहू. ती दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा जनावर जिवंत असताना. त्याला विश्रांती दिली जाते. पशुवैद्य त्याची चाल पाहतो, श्वास पाहतो, ताप आहे का, तोंडातून लाळ गळते का, नाकातून स्राव येतो का, शेण कसे आहे हे पाहतो. आजारी जनावर इथेच वेगळे काढले जाते.

दुसरा टप्पा कापल्यानंतरचा. डोके, जीभ, जबड्याचे स्नायू, घशाजवळच्या लसिका ग्रंथी, फुफ्फुसे, हृदय, काळीज, पाणथरी, मूत्रपिंडे आणि शेवटी सगळे धड, असे क्रमाने पाहिले जाते. प्रत्येक जागी शोधायची गोष्ट ठरलेली असते. जबड्याचे स्नायू चिरून त्यात टेपवर्मच्या अळीची पांढरी पुटकुळी आहे का पाहतात. फुफ्फुसांजवळच्या ग्रंथी कापून क्षयाच्या पिवळट, दह्यासारख्या गाठी शोधतात. काळजाच्या पित्तनलिकांमध्ये पानासारखे चपटे कृमी सापडतात, त्यांना लिव्हर फ्लूक म्हणतात. काळजात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी सापडतात, त्या हायडॅटिड रोगाच्या.

जे सापडते त्यावर निर्णय होतो. काळजात थोडे फ्लूक असतील तर तेवढे काळीज बाद करतात आणि बाकीचे मांस मंजूर होते. मार लागून रक्त साकळले असेल तर तेवढा भाग काढून टाकतात. क्षय एकाच जागी असेल तर तो अवयव बाद, पण अंगभर पसरला असेल तर सगळे जनावर बाद. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स, पिसाळरोग, धनुर्वात, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, सगळ्या अंगाला पिवळे करणारी कावीळ, अंगात पाणी झालेले अतिशय खंगलेले जनावर, या सगळ्यांत पूर्ण धडच बाद होते. बाद झालेले मांस विकता येत नाही. ते जाळायचे, पुरायचे किंवा यंत्रात शिजवून त्याचा खाण्याशिवाय दुसरा उपयोग करायचा.

या सगळ्या यादीच्या वर एक नियम आहे, जो जगातल्या जवळजवळ प्रत्येक मांसतपासणी कायद्यात दिसतो. जे जनावर आपोआप मेले, ते माणसाच्या खाण्यासाठी बाद. त्यात पुढे तपासण्यासारखे काही उरतच नाही. आपल्या देशात अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या नियमांतही नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे मांस विकायला मनाई आहे. कारण साधे आहे. असे जनावर कशाने मेले हे ठाऊक नसते. त्याचे रक्त वाहून गेलेले नसते, ते मांसातच राहते. आतड्यातले जंतू काही तासांत सगळ्या शरीरात पसरतात.

अँथ्रॅक्सच्या बाबतीत तर मेलेले जनावर फाडूसुद्धा नये असा नियम आहे. जनावर अचानक मरते, नाकातोंडातून आणि गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येते. ते फाडले की हवा लागून जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात. कातडे सोलणाऱ्याच्या हातावर काळी पुळी उठते. ‘काळपुळी’ हे मराठी नावच त्या पुळीवरून पडले आहे. आता विचार करा, ही पुळी गावात कोणाच्या हातावर उठत असेल?

ही तपासणी आली कोणासाठी?

भारतात मांसतपासणीचा आग्रह सुरुवातीला कोणाच्या तब्येतीसाठी धरला गेला हे पाहण्यासारखे आहे. 1868 साली वरच्या पंजाबातल्या लष्करी ठाण्यांमध्ये 13,818 जनावरे कापली गेली. त्यातली 768 जनावरे टेपवर्मच्या अळ्यांनी भरलेली निघाली, म्हणजे शेकडा साडेपाच. गोऱ्या शिपायांच्या पोटात टेपवर्म होत होते म्हणून ही मोजदाद झाली. पुढच्याच वर्षी जालंदरला ऑलिव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरने नोंदवले की असे दूषित गोमांस खाल्लेल्या माणसांच्या पोटात खरोखरच टेपवर्म वाढतो. परजीवी शास्त्राच्या इतिहासात ही नोंद महत्त्वाची मानली जाते. म्हणजे गुराच्या मांसातली अळी आणि माणसाच्या पोटातला टेपवर्म यांचा संबंध ज्या ठिकाणी पहिल्यांदा दिसला, त्यांत आपल्या देशातली एक छावणी आहे. पण त्या ज्ञानाचा उपयोग छावणीच्या कुंपणाआतच थांबला.

युरोपात हीच गोष्ट शहरी ग्राहकांसाठी घडली. रॉबर्ट कॉखने 1876 साली अँथ्रॅक्सच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले आणि 1882 साली क्षयाचा जंतू दाखवला. जर्मन पशुवैद्य रॉबर्ट फॉन ओस्टरटाग याने 1892 साली मांसतपासणीचे हस्तपुस्तक लिहिले. 1900 साली जर्मनीने सबंध देशासाठी मांसतपासणीचा कायदा केला. कोणती ग्रंथी चिरायची, कोणत्या रोगात किती भाग बाद करायचा, या आजच्या नियमांची मुळे तिथे आहेत.

अमेरिकेत 1906 साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित कामगारांचे हाल लोकांना कळावेत म्हणून त्याने ती लिहिली होती. वाचकांना मात्र आपल्या ताटातल्या मांसाची शिसारी आली आणि त्याच वर्षी 30 जूनला मांसतपासणीचा कायदा झाला. मांस तपासले जाऊ लागले, मांस कापणारा कामगार होता तिथेच राहिला. हा धडा आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तोच प्रश्न आपल्याकडे येणार आहे.

मुंबईत 1860 च्या दशकात वांद्र्याला मोठा कत्तलखाना उभा राहिला. 1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. 1889 साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, ती पुढे मुक्तेश्वरला गेली. 1971 साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुंबई-पुण्यात जनावराचा रोग ओळखणारे शास्त्र आणि माणसे दोन्ही होती. प्रश्न एवढाच की ते शास्त्र महारवाड्यापर्यंत का पोचले नाही?

महारवाड्यातली पड कोणी तपासली?

गावगाड्यात मेलेले ढोर ओढून नेणे हे महाराचे काम होते. ते नुसते काम म्हणून सांगितले जात नसे, ‘हक्क’ म्हणून सांगितले जाई. हाडकी-हाडोळा, बलुते, दारोदार मागितलेली भाकर आणि मेलेले ढोर, हे सगळे वतनात मोडत होते. पाटलाचा बैल मेला की येसकराला सांगावा यायचा. ढोर गावाबाहेर ओढायचे, सोलायचे, मांस वाटून घ्यायचे. दुष्काळात किंवा रोगाच्या साथीत ढोरे जास्त मरायची, तेव्हा मांस जास्त यायचे. ते उन्हात वाळवून त्याच्या चान्या करायच्या आणि पावसाळ्यासाठी ठेवायच्या. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या खाण्याविषयी शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात सविस्तर लिहिले आहे, आपल्या पिढीने ते वाचायला हवे.

त्या बायांनी त्या मांसातून जी चव काढली, जी टिकवण्याची पद्धत शोधली, तिचा मला आदर आहे. भुकेल्या लेकरांना जगवण्याचे ते कौशल्य होते. पण कौशल्याचा आदर करताना ते मांस कुठून आले हे विसरता येत नाही. दुष्काळात मेलेले म्हणजे खंगून मेलेले. साथीत मेलेले म्हणजे बुळकांडी, घटसर्प, फऱ्या किंवा काळपुळीने मेलेले. आज कोणताही पशुवैद्य कत्तलखान्यात ज्या धडावर पहिल्याच नजरेत ‘बाद’ असा शिक्का मारेल, नेमके तेच धड जातीने एका समाजाला ‘हक्क’ म्हणून दिले होते.

आता इथे जातीची तपासणी आणि शास्त्राची तपासणी शेजारी ठेवून बघा. शास्त्र जनावराकडे पाहते. ग्रंथी सुजली आहे का, काळजात कृमी आहेत का, रक्त गोठले आहे का. जात माणसाकडे पाहते. कोणी शिवले, कोणी ओढले, कोणी खाल्ले. शास्त्र मांस बाद करते. जातीने मांस बाद केलेच नाही, ते खाणाऱ्याला बाद केले. रोगी ढोराच्या धडावर बसायला हवा होता तो शिक्का माणसाच्या कपाळावर बसला आणि पिढ्यानपिढ्या पुसला गेला नाही. 1911 च्या जनगणनेच्या तयारीत तर सरकारी परिपत्रकानेच हिंदूंमधले वेगळे गट ओळखण्याच्या कसोट्या दिल्या होत्या, आणि गोमांस खाणे ही त्यातली एक होती. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात या परिपत्रकाचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे मूळ मृत गाईच्या मांसापर्यंत नेले.

शुद्धाशुद्धतेच्या नावाखाली चाललेला हा खेळ आरोग्याच्या दृष्टीने किती पोकळ होता याचा एक पुरावा दुधात आहे. गाईला क्षय झाला आणि तो कासेत उतरला तर तिच्या कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू माणसात जातात. ब्रुसेलोसिस नावाचा आजारही कच्च्या दुधातून पसरतो. वाड्यावरच्या देवघरात पंचामृतासाठी वापरलेले दूध आणि महारवाड्यात आलेले मांस एकाच गाईचे असू शकत होते. दोन्हीकडे तपासणी नव्हती. पण दुधाला पावित्र्य मिळाले आणि मांस खाणाऱ्याला विटाळ मिळाला. जंतूला मात्र देवघरही कळत नाही आणि महारवाडाही कळत नाही.

महाडचा ठराव

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला आठवते, पण त्याच परिषदेतले बाकीचे मुद्दे आपण विसरतो. बाबासाहेबांनी भाषणात मृतमांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. परिषदेने मृतमांस खाण्याला कायद्याने बंदी घालावी अशी मागणी सरकारकडे केली. आणि स्पृश्यांना सांगितले की तुमची मेलेली जनावरे तुमची तुम्ही पुरा.

हे शेवटचे वाक्य नीट वाचा. ‘आम्ही खाणार नाही’ एवढ्यावर परिषद थांबली नाही. मेलेल्या जनावराची विल्हेवाट ही मालकाची जबाबदारी आहे, असे तिने सांगितले. आजचा कोणताही पशुआरोग्य अधिकारी हेच सांगेल. धड खाऊ नये, उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे आणि ते मालकाने किंवा स्थानिक संस्थेने करावे. बाबासाहेबांचा मुख्य मुद्दा स्वाभिमानाचा होता यात शंका नाही. पण मी म्हणेन की तो सार्वजनिक आरोग्याचा ठरावही होता. सरकारी पशुवैद्य ज्या वस्तीत कधी गेला नाही, त्या वस्तीने स्वतःच पडीवर ‘बाद’ असा शिक्का मारला.

त्याची किंमतही मोजावी लागली. ढोरे ओढायला नकार दिला की गाव बहिष्कार टाकायचा. दुकान बंद, पाणवठा बंद, मजुरी बंद. 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी जुनी आठवण सांगितली आहे. ‘केसरी’त कोणीतरी हिशेब मांडला होता की गावात वर्षाला अमुक ढोरे मरतात, त्यांची कातडी, शिंगे, हाडे, मांस यांचे पाचशे रुपये होतात आणि आंबेडकर आपल्या लोकांचे हे नुकसान करताहेत. संगमनेरच्या सभेत हाच प्रश्न चिठ्ठीवर आला तेव्हा बाबासाहेबांनी विचारणाऱ्याला सांगितले की मग हे उत्पन्न तुम्हीच घ्या, वर आणखी पाचशे रुपये मी देतो. ढोर ओढण्यात एवढा फायदा असेल तर तो सवर्णांनी इतकी शतके सोडला कसा, हा त्या उत्तरातला खरा सवाल होता.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मृतमांस सोडणे म्हणजे गाईला माता मानणे नव्हे. ज्या ग्रंथात बाबासाहेबांनी मृतमांसावर लिहिले, त्याच ग्रंथात ब्राह्मण एके काळी गोमांस खात होते हे त्यांनी वैदिक साहित्यातले पुरावे देऊन दाखवले. आणि संस्कृतीकरण म्हणणाऱ्यांना उत्तर हे की, अनुकरण करणारा वरच्याचे नियम स्वीकारतो. महाडने वरच्याला त्याचे मेलेले ढोर परत केले. याला अनुकरण कसे म्हणणार?

तपासणी नसते तिथे आरोप असतो

शास्त्र गावात पोचले नाही याचा आणखी एक परिणाम झाला. जनावर कशाने मेले हे कोणी तपासत नसल्यामुळे दोष द्यायला माणूस शोधला गेला. 1850 च्या दशकापासून उत्तर भारतात, आझमगडसारख्या जिल्ह्यांत, चमार समाजावर आरोप होऊ लागले की कातड्यासाठी हे लोक गुरांना सोमल घालून मारतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी या समजाला सिद्धांताचे रूप दिले. कुठे विषप्रयोग झालाही असेल, पण सबंध जात संशयित ठरवली गेली. त्याच काळात बुळकांडीने देशभर गुरे मरत होती, इतकी की त्यासाठी आयोग नेमावा लागला आणि 1871 साली त्याचा अहवाल आला. रोग मारत होता आणि संशय कातडे सोलणाऱ्यावर घेतला जात होता.

हे जुने झाले असे कोणाला वाटत असेल तर त्याने 15 ऑक्टोबर 2002 आठवावा. हरियाणात झज्जरजवळ दुलिना पोलीस चौकीपाशी जमावाने पाच दलितांना ठार मारले. ते कातड्याच्या व्यवसायाशी संबंधित होते, गाय मारल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. त्यानंतर गाईचे शवविच्छेदन करण्यात आले, ती आधीच मेली होती की यांनी मारली हे ठरवण्यासाठी. 2015 साली दादरीजवळ एका मुस्लिम माणसाला घरात घुसून मारले गेले आणि त्याच्या घरचे मांस प्रयोगशाळेत पाठवले गेले. 11 जुलै 2016 ला गुजरातमध्ये उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले.

बघा, पशुवैद्यक शास्त्र दलित-मुस्लिमांच्या दारात शेवटी पोचले, पण कधी आणि कशासाठी? मांस सुरक्षित आहे का, सोलणाऱ्याला रोग होईल का, हे पाहायला ते आले नाही. मेलेल्या माणसाचा गुन्हा शोधायला आले.

उनानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांसमोर आणून टाकली आणि यापुढे उचलणार नाही म्हणून सांगितले. महाडच्या ठरावाची ती आठवण होती.

1976, 2015 आणि पुन्हा तीच पड

महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण कायदा 1976 चा. त्याने गाईच्या कत्तलीला बंदी घातली आणि बैल, वळू, म्हशी यांच्यासाठी दाखल्याची अट ठेवली. दाखला कधी मिळायचा? जनावर शेतीकामाला, दुधाला किंवा पैदाशीला उपयोगाचे उरले नसेल तेव्हा. याचा व्यावहारिक अर्थ असा की कत्तलखान्यात येणारा बैल कायद्यानेच म्हातारा, थकलेला ठरलेला असायचा. वय वाढेल तसे शरीरात रोग साठत जातात, क्षयाच्या गाठी, काळजातले फ्लूक, हायडॅटिड हे सगळे म्हाताऱ्या जनावरात जास्त सापडते. गरिबाच्या ताटातले मांस असे कायद्यानेच खालच्या प्रतीचे केले. तरी निदान त्या बैलाला पशुवैद्य पाहत होता.

मार्च 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी आली, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्याचा गुन्हा रद्द केला. या बंदीवर आपण खाद्यस्वातंत्र्याच्या अंगाने भरपूर बोललो. आरोग्याच्या अंगाने कमी बोललो. कायदेशीर कत्तलखान्यात बैल येणे थांबले म्हणजे बैलाची तपासणीही थांबली. जे चोरून कापले जाते त्यावर शिक्का नसतो, त्याचे काळीज कोणी चिरून पाहत नाही, बाद झालेला भाग पुरला जात नाही. तो भाग कुत्र्यांना पडतो. हायडॅटिडचे चक्र नेमके असेच चालते. गाठी असलेला अवयव कुत्रा खातो, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती पाण्यातून, भाजीतून, धुळीतल्या हातातून लेकरांच्या पोटात जातात. म्हणजे मांस न खाणाराही सुटत नाही.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. बंदीने कत्तल थांबते, मरण थांबत नाही. न विकला गेलेला बैल शेवटी गोठ्यात, रस्त्यावर किंवा गोशाळेत मरतोच. म्हणजे आपोआप मेलेल्या ढोरांची संख्या वाढते. ती उचलणार कोण? 2022 साली लंपीच्या साथीत गुजरात-राजस्थानात मेलेल्या गाईंचे ढीग उघड्यावर पडलेले सगळ्या देशाने पाहिले. लंपी माणसाला होत नाही हे नशीब. अँथ्रॅक्स असता तर? ओडिशातल्या कोरापुट भागात मेलेले जनावर सोलल्या-खाल्ल्यामुळे गरीब आदिवासींना अँथ्रॅक्स होण्याचे प्रकार वारंवार होतात. पोटाला दुसरे स्वस्त प्रथिन नसले की माणूस पडीकडे वळतो. कायदा ताजे, तपासलेले मांस हिसकावून घेतो आणि माणसाला पुन्हा मृतमांसाकडे ढकलतो. बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढले त्यातच परत लोटणारा कायदा त्यांच्या नावावर खपवला जातो, हे आपण ऐकून घ्यायचे का?

इथे संविधानाचे कलम 48 पुढे केले जाते. ठाकूरदास भार्गव यांची ती दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली होती हे खरे आहे. पण ते कलम वाचा. त्याची सुरुवात शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करण्यापासून होते. त्याच्या अगदी आधीचे कलम 47 लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. सरकारला 48 मधली गाय दिसते. 48 मधले शास्त्र आणि 47 मधला माणूस दिसत नाही.

आपण काय मागायचे?

खाण्याच्या हक्काची लढाई चालूच राहील. तिच्या जोडीला मांसतपासणीचा मुद्दा आपल्या अजेंड्यावर यायला हवा. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार एका पशुवैद्याने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. आपल्या शहरात हे पाळले जाते का? माहितीचा अधिकार वापरा आणि आपल्या नगरपालिकेला, महापालिकेला चार प्रश्न विचारा. कत्तलखान्यात पशुवैद्य किती आहेत? वर्षभरात किती जनावरे तपासली? किती पूर्ण आणि किती अंशतः बाद झाली, कोणत्या कारणांनी? बाद झालेल्या मांसाची विल्हेवाट कुठे लावली? ही आकडेवारी फक्त मांस खाणाऱ्यांच्या कामाची नाही. कोणत्या भागातल्या गुरांत क्षय किंवा फ्लूक वाढतो आहे हे त्यातून कळते, शेतकऱ्यालाही त्याचा फायदा आहे.

ग्रामपंचायतीला पाचवा प्रश्न विचारा. गावात जनावर मेले तर ते कोण उचलते? अजून एखाद्या विशिष्ट घरालाच निरोप जात असेल तर ती अस्पृश्यता आहे, तिला परंपरा म्हणू देऊ नका. वाहन, खड्डा, चुना, यंत्र आणि पगार ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे.

आणि शिकागोचा धडा विसरू नका. मांस तपासून भागत नाही. कत्तलखान्यात कापणारा, कातडे सोलणारा, आतडी धुणारा, बाद माल वाहून नेणारा, यांच्या हातात हातमोजे आहेत का, त्यांची ब्रुसेला आणि क्षयासाठी तपासणी होते का, कंत्राटदार त्यांचा विमा भरतो का, हेही विचारले पाहिजे. हे कामगार बहुतेक करून आपल्यातले आणि मुस्लिम समाजातले आहेत. दोघांच्या संघटनांनी एकत्र बसावे असा हा प्रश्न आहे, आणि बसायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

पुढच्या वेळी कोणी विचारले की बाबासाहेबांनी मांस का सोडायला लावले, तर कोंडीत सापडू नका. सांगा की त्यांनी पड सोडायला लावली, आणि ज्याचे ढोर त्याने पुरावे असे महाडला बजावून ठेवले. त्याला शंभर वर्षे होत आली. आता ढोर पुरायची आणि मांस तपासायची जबाबदारी कोण घेतो, ते सरकारला विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!